पाय हलले की पुस्तक ठेवायचं

मी मूळचाच भित्रा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला नवल वाटायचं नाही.

निजामी अमलातली गोष्ट. जालन्यात मस्तगडला आमचं छोटंसं मराठी वाचनालय होतं, आणि पोरांच्या कपाटासाठी पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे होतं. शाळेत बहुतेक कारभार उर्दूत. मराठी कविता पोरांना भेटायची ती या एका कपाटात. पुण्याहून रेल्वेनं पार्सल यायचं. पसंत पडतील ती पुस्तकं ठेवायची, बाकीची परत. माझी निवडायची रीत अशी, की आठ वर्षांच्या माझ्या लेकीला ओट्यावर बसवायचं आणि कविता मोठ्यानं वाचायची. तिचे लोंबते पाय हलायला लागले की पुस्तक ठेवायचं. पाय गप्प, की गेलं पार्सलात. भल्याभल्या विद्वानांना तिनं असं परत धाडलं!

एका पुस्तकाला मात्र तिचे पाय थांबेचनात. प्रभातफेरीवर कविता होती आणि शेजारी पानभर रंगीत चित्र. पोरांची रांग, पुढं एक अनवाणी मुलगी, हातात तिरंगी झेंडा. "बाबा, ही मीच हाय. बघा, हिच्या बी पायात काई न्हाई," असं म्हणून ती रोज वाचनालयात येऊन ते पान उघडून बसायची.

मंग एक दिवस वाचनालयाचे अध्यक्ष, कापसाचे मारवाडी व्यापारी, घाईघाईनं आले. "मास्तर, उद्या सरकारी साहेब तपासायला येऊन राह्यले. बराबर बघून घ्या. एका चित्रापायी कुलूप लागायचं." पुस्तकांची यादी आधीच वर गेलेली, तेव्हा पुस्तक लपवायची सोय नव्हती. मी खळ कालवली आणि त्या चित्रावर तपकिरी कागद चिकटवून टाकला. चांगला दाबून, कोपरे बसवून. काम कसं सफाईदार केलं! लाज वाटते आता.

साहेब आले. मोठ्यांची दोन कपाटं त्यांनी पालथी घातली. पोरांच्या कपाटाशी मी घामाघूम उभा. त्यांनी तिकडं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "बच्चों की किताबें हैं, रहने दो." चहा घेतला आणि गेले.

संध्याकाळी लेक नेहमीसारखी आली. पान उघडलं. तपकिरी कागदावरून बोट फिरवलं.

"कोणी केलं हे?"

"मीच केलं. साहेब आल्ते ना."

"काढा."

मी पाणी लावलं, नखानं हळूहळू सोडवत गेलो. कागद निघाला, पण झेंडा, चेहरा, सगळी रांग त्याच्याबरोबर निघून आली. पुस्तकात उरले ते फक्त मुलीचे दोन अनवाणी पाय. लेक रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि घरी गेली. पुढच्या पार्सलाच्या वेळी बोलावलं तर म्हणाली, "तुमीच निवडा. तुमाला कळतंय की."

काही वर्षांनी राज्य बदललं. आता झेंड्यांची पुस्तकं ढिगानं यायला लागली, त्यांना कुणाची भीती नव्हती. लेक पंधराची झालेली, लग्नाचं बोलणं चाललेलं. त्यातलं सगळ्यात देखणं पुस्तक घेऊन मी घरी गेलो. ती ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि जीव ओतून कविता वाचली. मधेच थांबलो तर म्हणाली, "वाचा की बाबा, ऐकून राह्यले."

मी वाचत होतो, पण डोळे पानावर नव्हते. शेवटच्या ओळीपर्यंत वाट बघितली.

"चांगलंय, ठेवा," ती म्हणाली. तिचे पाय हलले नव्हते.