पाचशे तासांचं तेल

कन्हान नदीपलीकडच्या उघड्या कोळसाखाणीत पस्तीस टनी डंपर आले ते चौऱ्याहत्तर साली. त्यांना क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे आणि ते सगळं एका तांबड्या, पातळ तेलाच्या जोरावर चालायचं. जुन्या ड्रायव्हरांना सुरुवातीला भीतीच वाटली. वर्कशॉपच्या रुपराव गजभियेंना मात्र त्या तेलाने वेड लावलं. डंपर गरम असतानाच ते तेल मोजायची पट्टी ओढून बाहेर काढत, तिच्या टोकावरचं तेल दोन बोटांवर चोळत, नाकाजवळ नेत आणि मग एवढंच म्हणत, "चालू द्या," नाहीतर "उभी करा."

कंपनीच्या पुस्तकात हे तेल दर हजार तासांनी बदला असं छापलेलं होतं. रुपराव म्हणायचे, पाचशे. इंजिनियर साहेबांशी त्यांचा यावरून दोन वर्षं वाद चालला.

"साहेब, पुस्तक लिहिणाऱ्यानं आपली धूळ नाई पाहिली. मे महिन्यात भरला डंपर घेऊन चढ चढते, तवा त्या तेलाचं काय होते ते मले माहीत हाये. सहाशे तासाले ते काळं पडून राहिलं. पातेल्यात डाळ करपल्यासारखा वास येते."

साहेबांनी लेखी काही दिलं नाही. पण एखादं मशीन थांबवायचा अधिकार रुपरावांना तोंडी मिळाला, आणि त्यांनी तो कधी उगाच वापरला नाही.

सात नंबरचा डंपर केशव चालवायचा. केशव म्हणजे रुपरावांच्या बायकोचा, पंचफुलाचा धाकटा भाऊ. पंचफुलाची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. लग्न होऊन ती इंदोऱ्याला रुपरावांच्या घरी आली ती त्याचं बोट धरूनच. इंदोऱ्यातल्या बाया चेष्टा करायच्या, की रुपरावाले आंदणात भांडे नाई भेटले, साळा भेटला. रुपरावांनी त्याला शाळेत घातलं, मॅट्रिकला दोनदा नापास झाल्यावर ट्रकवर बसवलं, परवाना काढून दिला आणि अठ्ठ्याहत्तर साली खाणीत चिकटवलं. तो त्यांना भाऊजी म्हणायचा, पण जेवताना ताटातली भाकर हक्काने उचलायचा. पंचफुलाला स्वतःचं मूल झालं नाही. तिने त्याचं कधी दुःख केलं नाही, कारण तिच्या मते तिला एक होतंच.

एकोणऐंशीच्या जानेवारीत दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी उघाड पडली आणि सकाळच्या पाळीला रुपरावांनी सात नंबरची पट्टी काढली. तेल काळसर होतं. वास करपट. मीटरवर पाचशे साठ तास झाले होते.

"उभी करा."

केशव वरच बसला होता. तो शिडीवरून खाली आला. "भाऊजी, आजचा दिवस जाऊ द्या ना जी. उद्या बदला. मले चार नंबरवर बसवतील, तिची शीट मोडकी हाये, पाठ दुखते."

"एक दिवस पाठ दुखली त मरशील काय?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज गेलं. केशव हसला, टोपी डोक्यावर दाबली आणि चार नंबरकडे चालू लागला.

सात नंबर त्या दिवसांत कोळसा वाहत होता. चार नंबर मातीच्या ढिगाऱ्यावर. खाणीतली वरची माती काढून जिथे टाकतात तो ढीग पन्नास-साठ फूट उंच झाला होता आणि दोन दिवसांच्या पावसाने त्याची कड आतून भिजली होती. वरून ती कोरडी दिसत होती. अकराच्या सुमारास केशवने डंपर मागे घेत कडेशी आणला, मागची चाकं टेकली आणि कड खचली. डंपर भरल्या मातीसकट उलटत खाली गेला.

भोंगा वाजला तेव्हा रुपराव सात नंबरच्या खाली उताणे पडून नट सोडवत होते. तांबडं-काळं तेल डब्यात पडत होतं. कोणीतरी ओरडलं, "चार नंबर!" ते बाहेर आले आणि धावले. तासाभराने केशवला बाहेर काढलं. चेहऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. छाती मात्र स्टिअरिंगने दाबली गेली होती.

चौकशी झाली. मशीनचा दोष नाही, ब्रेक ठीक होते, कडेचा चाकं अडवणारा बांध कमी उंचीचा होता, असं निघालं. रुपरावांचं नाव कागदात एकदाच आलं, तेही साक्षीदार म्हणून.

पंचफुला पंधरा दिवस काही विचारत नव्हती. माणसं येऊन जायची, ती पाणी द्यायची. मग एके संध्याकाळी, चुलीपुढे बसल्या बसल्या, तिने मान वर न करता विचारलं, "केशव त सात नंबर चालवत होता. त्या दिवशी चारवर काहून गेला?"

रुपरावांना वाटलं होतं तिला ठाऊक असेल. कोणीच सांगितलं नव्हतं.

"सात मी थांबवली होती. तेल जळलं होतं."

तिने चुलीतली लाकडं आत सारली. दुसऱ्या दिवशी रुपरावांनी वर्कशॉपमधून सात नंबरचा काढलेला, तेल गाळायचा फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. त्यांनी तो आधीच कापून उघडला होता. आतल्या घड्यांवर बारीक चकाकता चुरा होता, झिजलेल्या धातूचा. आपण बरोबर होतो हे तिला दाखवावं एवढंच त्यांच्या मनात होतं. तो आणताना रस्ताभर त्यांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं.

पंचफुलाने बोट लावलं. चुरा बोटाला चिकटला. तिने तो उजेडात धरून पाहिला.

"म्हंजे गाडी खराब होणार होती."

"हो. अर्ध्या चढावर गिअर सुटला असता. कोणाचा तरी जीव गेला असता."

"त्याच दिवशी?"

इथे रुपरावांना खोटं बोलता आलं असतं. त्या गिअरबॉक्सचं त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं, त्यांचं खोटं कोणी पकडलं नसतं. पण तेलाबद्दल ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

"नाई," ते म्हणाले. "एक दिवस चालली असती. कदाचित आठवडा."

पंचफुलाने बोट पदराला पुसलं आणि उठून भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. डबा वेळेवर भरलेला असे, कपडे धुतलेले असत. भांडण नाही, रडणं नाही. घरात दोन माणसं होती आणि आवाज फक्त भांड्यांचा.

रुपरावांनी पट्टी काढणं सोडलं. दोनदा त्यांनी हात नेला, पण "उभी करा" हे शब्द तोंडातून फुटेनात. ड्रायव्हर शिडीवर उभा राहून त्यांच्याकडे बघत असे आणि त्यांना त्याच्या जागी टोपी दाबणारा केशव दिसे. त्यांनी अर्ज केला आणि स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. नट-बोल्ट मोजून द्यायचे, पावती लिहायची. त्यांच्या जागी आलेला मेकॅनिक वाईट नव्हता. तो पुस्तकाप्रमाणे चालायचा. हजार तास.

मे महिन्यात नऊ नंबरचा गिअर भरल्या चढावर सुटला. डंपर मागे घसरत आला. ड्रायव्हर वामनराव ढोके, पन्नाशीचा माणूस, त्याने मशीन कसंबसं मातीच्या भिंतीवर घातलं म्हणून वाचला. मनगट मोडलं.

रविवारी हात गळ्यात बांधून वामनराव इंदोऱ्याला आला. रुपराव ओसरीवर होते, पंचफुला दारात निवडण घेऊन बसली होती.

"रुपराव, वापस या," तो म्हणाला. "नऊशे तासांचं तेल होतं. डांबर झालं होतं, डांबर. तुमी असते त दोन महिन्याआधीच उभी केली असती."

"माह्याच्यानं नाई होत गा आता."

"माह्या घरी तीन पोरी हायेत, रुपराव."

वामनराव चहा न घेताच गेला. पंचफुला बराच वेळ तांदळातले खडे वेचत राहिली. चार महिन्यांनी तिने पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहून तोंड उघडलं.

"उद्यापासून तिकडं जा."

"पंचफुला—"

"मी तुमाले माफ केलं असं समजू नका. तुमचं चुकलं असंबी मी म्हणत नाई. चुकलं असतं त बरं झालं असतं, मले तुमाले शिव्या त देता आल्या असत्या." तिने तांदूळ बाजूला ठेवले. "पण जा. त्या पोरींचा बाप हाये तो."

रुपराव गेले. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन डंपर थांबवले. प्रत्येक वेळी थांबवलेल्या डंपरचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर चढला की ते ती पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहत आणि तो उतरलेला दिसला की मगच हात धुवायला जात. लोकांना ते विचित्र वाटायचं. पुढे सवय झाली. बावीस मशीनं होती, आणि त्या सगळ्यांसाठी नव्या इंजिनियरांनी अखेर पाचशे तासांचा नियम लेखी काढला. फळ्यावर खडूने लिहिला गेला. रुपरावांनी तो वाचला आणि ते पुढच्या डंपरची पट्टी काढायला गेले.

घरात बोलणं पुन्हा सुरू झालं, पण मीठ संपलं, पाहुणे येणार, छपराचा पत्रा गळतो, एवढंच. एकत्र जेवायला बसत. केशवचं नाव दोघांपैकी कोणी घेत नसे. त्याची पेटी पलंगाखाली तशीच होती. वर्षातून एकदा पंचफुला ती उन्हात ठेवायची आणि त्या दिवशी रुपराव मुद्दाम उशिरा घरी यायचे.

पंच्याऐंशी साली, रिटायर व्हायला सहा महिने असताना, ते एके दुपारी लवकर सुटले. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरले तेव्हा अंगणातून हसण्याचा आवाज आला. शेजारच्या शोभाताई काहीतरी नक्कल करून सांगत होत्या आणि पंचफुला हसत होती, श्वास लागेपर्यंत, "पुरे वं, पुरे" म्हणत. इतक्या वर्षांत हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांना वाटत होतं तो संपला असेल.

ते दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. आपण दारात दिसलो की काय होईल हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सायकल हळूच भिंतीला टेकवली, घंटीवर हात ठेवून ती वाजू दिली नाही, आणि उन्हातच उभे राहिले. आत हसणं चालू होतं. शोभाताई निघून जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.