वाटेवरचा दगडी बाण

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो तो वाटेवर दगडांनी मांडलेला एक बाण.

मी तेव्हा हरसूलच्या बाजूच्या डोंगराळ भागात एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. आमच्याकडचे गुन्हे ठरलेले असत. बांधावरून मारामारी, हातभट्टी, मोटारसायकलची चोरी आणि बाजाराच्या दिवशी एखादा पाकीटमार. त्यात अलीकडे एक नवीन भर पडली होती, ती म्हणजे सुट्टीच्या दिवशी नाशिकहून डोंगरात चालायला येणारी मंडळी.

आमच्या हद्दीतली एक वाट त्यांच्यात फार लोकप्रिय झाली होती. किल्ला नाही, कडा नाही, धाप लागेल असा चढही नाही. सागाच्या जंगलातून जाणारी, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना झेपेल अशी वाट, आणि शेवटी मोकळं पठार. शहरातल्या एका ग्रुपनं प्रत्येक फाट्यावर पांढरा रंग दिलेले दगड मांडून बाण केले होते, म्हणजे कोणी चुकायला नको. तरीही लोक चुकायला लागले.

गंमत म्हणजे सगळे एकाच फाट्यावर चुकत. डावीकडची वाट पठारावर जायची, उजवीकडची एका पाड्यावर. लोक बाणाप्रमाणे चालत आणि पठाराऐवजी पाड्यावरच्या चहाच्या टपरीपुढे उभे राहत. तक्रार आली म्हणून आम्ही जागेवर गेलो की बाण अगदी बरोबर डावीकडे. ठाण्यातल्या एका जुन्या हवालदारानं चकव्याचं निदान करून टाकलं. मी त्याला म्हटलं, चकव्याला समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवू ते तेवढं सांग.

एका सुट्टीच्या दिवशी मात्र चेष्टा संपली. सिन्नरहून एक निवृत्त गृहस्थ मुलगी आणि नातवंडांबरोबर दुपारनंतर चालायला आले होते. मुलगी आधी एकदा येऊन गेली होती, ती बाण न बघताच नातवंडांबरोबर डावीकडे पुढे गेली. ते मागे रेंगाळले, बाण बघून एकटेच उजवीकडे वळले आणि पाड्याच्या अलीकडच्या ओहोळात घसरून पडले. पाय मोडला. मुलीनं ठाण्यात येऊन हरवल्याची खबर दिली, तेव्हा माझी माणसं बाजाराच्या बंदोबस्तातून अजून सुटलेली नव्हती. शोध सुरू करायला उशीर झाला. आम्ही पोहोचायच्या आत पाड्यावरचा टपरीवाला त्यांना पाठुंगळीला मारून डांबरी रस्त्यावर घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी दवाखान्यातून थेट माझ्यासमोर आली. तिचे डोळे रडून सुजलेले होते आणि आवाज शांत होता. तिनं एवढंच विचारलं, "माझे वडील तिथंच गेले असते, तर तुम्ही काय लिहिलं असतं?" तिला गुन्हा दाखल करायचा होता. वरिष्ठांचेही फोन सुरू झाले होते.

त्याच दुपारी निनावी फोन आला. बोलणारा म्हणाला, टपरीवालाच दगड फिरवतो, गिऱ्हाईक आपल्याकडं ओढायला. नाव सांगेना, पण मागे भजी तळल्याचा चर्रर आवाज आणि 'गाडी आडवी लावू नका' ही ओरड स्पष्ट ऐकू येत होती. वाटेच्या तोंडाशी गाड्या लावायच्या जागेवर भज्यांची एकच गाडी होती. खबर देणाऱ्याचा त्यात फायदा काय, हे आधी बघावं, असा माझा नेम होता. तरी खबर अगदीच टाकाऊ नव्हती. चुकलेला प्रत्येक माणूस चहा त्या टपरीवरच पीत होता.

टपरीवाल्याला बोलावून घेतलं. पस्तिशीतला, काटक, कमी बोलणारा माणूस. त्याच्याबरोबर त्याची आई आली होती, ती बाहेर चिंचेखाली बसून राहिली. जखमी माणूस कसा सापडला, हे त्यानं नीट सांगितलं. हाक ऐकली, खाली उतरलो, उचलला. दगड तू फिरवतोस का, यावर सरळ नाही म्हणाला. कोण फिरवतं ते माहीत आहे का, असं विचारल्यावर मात्र तो खाली बघायला लागला.

खोटं बोलणारा माणूस चौकशीत जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा तर गप्पच झाला. मी तसा तापट, आवाज चढवला. गुन्हा दाखल झाला तर पहिलं नाव तुझं, टपरी जाईल, कोर्टाच्या खेपा सुरू होतील, हे सगळं ऐकवलं. तो एकदाच बोलला.

"साहेब, मला आत टाका. पर त्ये मला इचारू नका."

स्वतःला वाचवणारा माणूस असं बोलत नाही. तो दुसऱ्या कोणाला तरी वाचवत होता, आणि कोणाला, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. उद्या पुन्हा ये, असं सांगून त्याला सोडलं. बाहेर त्याच्या आईनं आधी त्याचं तोंड हातात धरून नीट बघितलं, आम्ही मारलं की काय म्हणून. मला त्या बघण्याचा राग आला आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत मी ती वाट धरली. बरोबर आमच्या ठाण्याची महिला हवालदार होती. दोन पुरुष दिसले की पाड्यावरची माणसं सावध होतात. फाट्यावर पोहोचलो आणि मी थबकलो. बाण उजवीकडे होता. आदल्या संध्याकाळी मी स्वतः जागेचा पंचनामा केला होता, तेव्हा तो डावीकडे होता.

आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो. थोड्या वेळानं डावीकडून भांड्यांचा आवाज आला, मग बायकांचं हसणं. मी उठायला लागलो, तशी हवालदार बाई म्हणाल्या, मी बघून येते. त्या गेल्या आणि लगेच परतल्या.

"सर, तुम्ही इथंच बसा. पुढे येऊ नका."

एवढ्या ठाम आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी गुपचूप बसलो.

काही वेळानं बायका वर आल्या. ओले केस, डोक्यावर धुतलेल्या कपड्यांची बोचकी, कमरेवर हंडे. सगळ्यांत मागे टपरीवाल्याची आई होती. फाट्यावर ती थांबली, वाकली, आणि बाणाच्या टोकाचे दगड उचलून पुन्हा डावीकडे मांडले. न्हाणीघराची कडी काढावी, तितक्या सवयीनं. मग ती पाड्याकडे निघून गेली.

त्या डावीकडच्या वाटेवर झरा होता. पाड्यावरच्या नळाला पाणी येत नव्हतं, आणि बायका पिढ्यान् पिढ्या तिथंच अंघोळ करायच्या, कपडे धुवायच्या. सावली, पाणी, पाखरं म्हणून ग्रुपनं पठाराची वाट नेमकी तिथूनच नेली होती. सकाळी लवकर येणारे चुकत आणि उशिरा येणारे नीट पोहोचत, त्याचा उलगडा मला तिथं बसल्या बसल्या झाला. मग तो अपघात दुपारनंतर कसा झाला, एवढंच राहिलं. आणि एकदम लक्षात आलं, त्या दिवशी माझी माणसं बंदोबस्ताला होती. बाजाराचा दिवस होता तो.

पाड्यावर गेलो. मी टपरीपाशी थांबलो आणि हवालदार बाई आत जाऊन बोलल्या. बऱ्याच वेळानं म्हातारी स्वतःच बाहेर आली. ती मला अरे-तुरेच करत होती, आणि त्यात काही गैर नव्हतं.

"बाजाराची जीप हारन देत व्हती. गडबडीत दगड फिरवायचा इसरले मी. त्यो बाबा माझ्यामुळं पडला. माझ्या पोराला सोड."

मी विचारलं, हे आधी ठाण्यात का नाही सांगितलं.

"काय सांगू? एक जण आला, हुभा राह्यला, माझ्या सुनेचा फोटू काढला आन् पळाला. त्ये ठाण्यात सांगू? समद्या गावात व्हऊ दे? मंग आमीच दगड फिरवला." ती पुढे म्हणाली, "बाण मांडाया आले, तवा हितं कोन येतं म्हनून इचारलं का कोनी?"

टपरीवाला मागे उभा होता. त्यानं बायकोची अब्रू झाकण्यासाठी स्वतःच्या गळ्यात गुन्हा अडकवून घ्यायची तयारी ठेवली होती, आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. 

म्हातारी हट्टानं आमच्याबरोबर दवाखान्यात आली. जखमी गृहस्थांच्या खाटेपाशी उभी राहून म्हणाली, "बाबा, दगड मी इसरले." त्यांनी हात जोडले, तुमच्या मुलानं मला उचलून आणलं, म्हणाले. मुलीला बाहेर नेऊन हवालदार बाईंनी सगळं सांगितलं. ती आत परत आली. मग तिनं मला विचारलं, "तो फोटो काढणारा सापडला का?"

तो सापडला नाही. आम्ही ग्रुपच्या लोकांना विचारलं, गाड्या लावणाऱ्यांना विचारलं, भजीवाल्यालाही बसवून घेतलं. सुनेनं तक्रार द्यायला नकार दिला, तिच्यावर जोर करणं मला पटलं नाही. ती सल अजून आहे. मुलीनं फिर्याद दिली नाही. घातपाताचा हेतू नव्हता, असा अहवाल मी वर पाठवला आणि प्रकरण बंद झालं. ग्रुपनं कुरकुर करत वाट बदलली. आता ती झऱ्याला वळसा घालून उघड्या सोंडेवरून पठारावर चढते. ऊन लागतं, थोडं जास्त चालावं लागतं.

घटनास्थळी कोण आलं आणि कोण गेलं, हे शोधण्यात आम्हा पोलिसांचं आयुष्य जातं. तिथं आधीपासून कोण असतं, हे विचारायचं राहून जातं. ते मला त्या म्हातारीनं शिकवलं.

निवृत्तीनंतर मी नाशिकला राहतो, आणि हिवाळ्यात ओळखीच्या चार लोकांना घेऊन त्या वाटेवर जातो. जुन्या फाट्यावर आता काटेरी फांद्या टाकलेल्या असतात. दर वेळी कोणीतरी थांबून विचारतं, तिकडं काय आहे? नोकरीभर मी लोकांना समोर बसवून त्यांच्याकडून खरं काढलं. तिथं मात्र मी बेधडक सांगतो, "काही नाही," आणि सगळ्यांना पुढे घालून उन्हातल्या वाटेनं निघतो.