पौर्णिमेआधीची आंघोळ

लेक बाथरूममधून बाहेर आली तेव्हा तिच्या कानामागे साबणाचा फेस तसाच होता. "झाली आंघोळ," म्हणत ती सरळ कूलरसमोर जाऊन बसली. नागपूरचा मे महिना, त्यात पाळीचा दुसरा दिवस, तोही आयुष्यातल्या पहिल्या पाळीचा, आणि ही बया चार मग पाण्यात आंघोळ उरकून बाहेर! मी तशीही चटकन तापते.

"कानामागे साबण आहे तुझ्या. पुन्हा जा."

"मी नाही जात."

"काहून?"

"आणि उद्या विहारातही नाही येत."

हे मात्र भलतंच होतं. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती आणि वंदनेत सगळ्यांच्या पुढे बसून गाथा म्हणायचा मान यंदा पहिल्यांदाच तिला मिळाला होता. कितीतरी दिवस घरात तिची उजळणी चालली होती. ऐकून ऐकून कामवालीलाही पाठ झाली असेल. पांढरा ड्रेस इस्त्री होऊन दारामागे लटकत होता. नातीला ऐकायला माझी आई उमरेडहून एसटीने आली होती आणि स्वयंपाकघरात सरबताचा लाल पाक ढवळत होती. वंदना झाली की विहाराबाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यांना माठातलं पाणी आणि सरबत द्यायचं, हे आमच्या मोहल्ल्यात मुलींचं काम असतं.

मी तिच्याजवळ बसले. आदल्या दिवशी हीच पोरगी किती शहाण्यासारखी वागली होती! शाळेतल्या मॅडमनी सांगितलं होतं तसा तिने पॅड लावला, मला फक्त "बरोबर आहे ना?" एवढं विचारलं, आणि जेवायला बसली. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की तिच्या बाबांना फोन करून मीच रडले. आंघोळीचं मात्र मॅडम काही बोलल्या नव्हत्या आणि मीही नाही. आंघोळीत सांगण्यासारखं काय असतं, असंच आपल्याला वाटतं.

"अंगावर पाणी घेतलं तर खाली सगळं लाल झालं," ती हळूच म्हणाली. "पूर्ण फरशी लाल. पाण्यानं जास्त येते, आई. म्हणून मी थांबवलं."

आणि तेवढ्यावर भागलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायल्याशिवाय बाई शुद्ध होत नाही, तोवर माठाला हात लावायचा नाही आणि देवाधर्माजवळ जायचं नाही.

"मग मी उद्या लोकांले पाणी कशी देऊ?" तिचे डोळे भरून आले होते.

माझं डोकं सटकलं. मैत्रिणीवर नाही, तिच्या घरातल्या मोठ्यांवर. पण आधी आंघोळ होणं जरुरी होतं. मी सांगितलं, "पाण्यानं जास्त येत नाही. आधीच आलेलं असते ते धुतलं जाते. अन् पाण्यात मिसळलं की थोडंसंही खूप दिसते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भाजीवाल्याकडे पाहते, तो "ताजी आहे ताई" म्हणतो तेव्हा. मग उठली, आजीच्या हातातून पाकाचा चमचा घेतला आणि बाथरूममध्ये गेली; आम्ही दोघी तिच्या मागोमाग. मगभर पाण्यात चमच्याच्या टोकावरून थोडा पाक सोडला. पाणी लालसर झालं. तो मग तिने फरशीवर ओतला. पार कोपऱ्यापर्यंत लाली पसरली. गुडघ्यांवर हात ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.

"एवढुसं तर होतं," ती म्हणाली. आणि मग, "आता हे सरबत मी नाही पिणार बाप्पा!"

आम्ही तिघीही हसलो. या पोरीच्या डोक्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

टाकीचं पाणी दुपारपर्यंत उकळायला लागतं, म्हणून सकाळीच भरून ठेवलेली बादली मी आत सरकवली. दार लोटून बाहेर स्टुलावर बसले. आतून प्रश्न येत राहिले, मी उत्तरं देत राहिले. साबण कुठे लावू? बाहेरून लाव, आत लावायचा नसतो, तिथे साधं पाणी पुरते. कसं धुऊ? पुढून मागे. केस धुऊ का? घाम आला आहे ना? मग धू. झाल्यावर कोरडं पूस, नवा पॅड घे.

"लाल होऊन राहिलं, आई."

"होऊ दे. पाणी टाक."

पाणी पडत राहिलं. या वेळी ते थांबलं नाही.

आई माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती. ती दाराकडे तोंड करून बोलली, "ऐक वं. माही माय लहान होती तवा गावाच्या विहिरीले तिले हात लावू देत नव्हते. पानी कोनी वरून ओतलं तर प्यायचं. दीक्षा घेतली अन् मायनं घरात सांगितलं, लोकांनी आपला विटाळ मानला, आता आपल्याच पोरीचा आपुन मानायचा नाही. मी पाळीत माठ भरला, पाळीतच न्हायली, अन् पाळीतच विहारात गेली."

आतून प्रश्न आला, "आजी, पांढऱ्या साडीत?"

"पांढऱ्या साडीत. घडी घातलेलं जाड फडकं घेऊन. तुले तं पॅड हाय."

आईचं हे बोलणं मी स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते. मला ती त्या दिवशी फार मोठी वाटली.

सकाळी लेक पांढरा ड्रेस घालून निघाली. दोनदा मागे वळून मला विचारलं, "दिसून नाही ना राहिलं?" दोन्ही वेळा मी नीट पाहून "नाही" म्हटलं. गाथा म्हणताना सुरुवातीला आवाज जरा कापला, मग असा लागला की मागच्या बायका माना वळवून मला शोधायला लागल्या. मी उगीचच पदर सारखा करत बसले.

वंदना संपली. ती बाहेर गेली आणि माठाजवळ उभी राहिली. पहिल्यांदा ओगराळं उचलताना तिचा हात थोडा अडला. रांगेत सगळ्यांत पुढे माझी आईच होती. कधी जाऊन उभी राहिली कोण जाणे. लेकीने ग्लास भरून दिला. आई एका दमात प्यायली आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

"एवढी तहान लागली, आजी?"

"पहिला माह्या होता," आई म्हणाली. "हा माह्या मायच्या वाटचा. काठोकाठ भर."