निळ्या रंगाचे चार हात

झाईच्या बंदरात बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं आणि नाखव्याला ओहोटीपर्यंत थांबायचं नसलं, की लाहूला बोलावणं यायचं. पाठीला हवेची टाकी बांधून तो खाली जायचा, चाचपडत दोर कापायचा. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरायचे; पण पाण्याखाली गुडघ्यांना कोण विचारतो, म्हणायचा.

टाकी जुनीच घेतलेली. नारळी पुनवेआधी बोटी रंगवल्या की तिलाही उरलेल्या निळ्या रंगाचा एक हात बसायचा. असे चार हात झाले. एकोणीस सालच्या श्रावणात डहाणूत हवा भरणाऱ्या शैलेशने टाकीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. तिथे कोरलेले आकडे, टाकी किती दाब सोसते आणि शेवटची तपासणी कधीची, सगळे रंगाखाली बुजलेले. आजवर ओळखीवर भरली, आता नियम कडक झालेत. तपासणीला पाच वर्षं झाली नाहीत हे दिसू दे, रंग काढून आणा, असं त्याने सांगितलं.

लाहूने घरी येऊन बोटीचा काढतात तसाच रंग काढला. गॅसच्या बर्नरची ज्योत फिरवायची, फोड आले की खरवडायचं. त्याची बायको नवशी टाकी धरून बसली. आकडे उघडे पडले : दोनशेचा दाब, तपासणी मार्च पंधराची. अजून सात-आठ महिने होते. दुसऱ्या दिवशी तो खुशीत डहाणूला गेला.

शैलेशने तारीख वाचली. मग शेजारचा काळा डाग.

"लाहूकाका, रंग कशाने काढलात?"

"जाळून. बोटीचा काढतात तसा."

शैलेश खाली बसला. "बोट लाकडाची. हे ॲल्युमिनियम. आच लागली की नरम पडतं. दोनशेला बॉम्ब होईल."

"शंभरच भर."

"शंभरालाही माझे हात जातील, काका. ही आता भंगारात."

लाहू रिकामी टाकी घेऊन झाईला उतरला, तर नाक्यावर चिमण नाखवा वाट बघत उभा. पंख्यात दोर गेला होता.

"ओहोटी होऊ दे," लाहू म्हणाला. "बोट चिखलात बसली की कापतो."

"तेव्हा तर मीच कापीन," चिमण म्हणाला. "तुला कशाला त्रास?"

लाहूने टाकी दुसऱ्या खांद्यावर घेतली. रिकामी होती, तरी जड लागत होती.