चौकात आलेली बोट

नोकरीला लागून मला महिनाही झाला नव्हता. रसायनीच्या आमच्या कारखान्याची नदीवरची जुनी मोटारबोट गिअर घेईना. साहेब सुटा भाग आणायला मुंबईला गेले होते. गिअर केबलवर चालतो की विजेवर, हे मी दुकान बंद व्हायच्या आत फोनवर कळवायचं होतं. उत्तर चुकलं तर नोकरीचं काही खरं नव्हतं.

ट्रॉलीवरून बोट घाटाच्या वाटेवरच्या चौक गावातल्या गॅरेजात नेली. "घाट चढून समुद्राला चाललात काय रं?" शेजारच्या ढाब्यावरचे ट्रक ड्रायव्हर ओरडले.

मिस्त्री ट्रकांचा. त्याने आधी बोटीला नमस्कार केला. "हिला पयल्यांदाच हात लावतोय," तो हसला. मग चावी बंद ठेवून त्याने माझ्याकडून गिअरचा दांडा हलवून घेतला. मागे, बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळ, काहीच हललं नाही.

"केबल नाय वाटत, ती चावीबिगरबी हलली असती. आता चावी लावून बघू." त्याने ढाब्यावरचा रेडिओ बंद करायला लावला आणि लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "टोक पंख्याच्या डब्याला लावा, मूठ कानाला. विजेवरचा असंल तर आत टक् वाजंल."

"तुम्हीच ऐका ना, मिस्त्री."

"फोन तुमी करणार. मग माझ्या कानानं कशाला?"

तो बोटीत चढला, जाणाऱ्या ट्रकांना कप्तानासारखा हात केला आणि चावी लावून दांडा ओढला. माझ्या कानात स्वच्छ 'टक्' वाजलं.

ढाब्यावरून मुंबईच्या दुकानात फोन लावला. साहेबांनी विचारलं, "नक्की?"

"विजेवरचाच आहे, साहेब. मी स्वतः ऐकलंय."