गहू राहू द्या, हरभऱ्याचा काढा

बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या शशिकला बोकारेंनी उभ्या जन्मात नांगर धरला नव्हता. माहेर नागपूरचं, नवरा दिगंबर कारखान्यात टेक्निशियन. मुलं हाताशी आल्यावर त्यांनी विम्याची एजन्सी घेतली आणि बैरसिया रोडच्या हिंदी बोलणाऱ्या खेड्यांत पीकविम्याचे फॉर्म भरत फिरू लागल्या. बायकांशी चुलीपाशी बसून बोलायच्या, म्हणून गावाचा भरवसा बसला. 'दीदी' दाखवेल तिथे लोक सही करायचे.

डिसेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याने, कमलसिंग मीनाने, विचारलं, "दीदी, इस साल पैसे एक ही फसल के बीमे के हैं. गेहूं का करें या चने का?"

चारची बस चुकेल म्हणून शशिकलाताई घाईत होत्या. "गव्हाला काय होतंय? गहू राहू द्या, हरभऱ्याचा काढा."

फेब्रुवारीत एका संध्याकाळी गारपीट झाली. तीन दिवसांनी सकाळी कमलसिंगचा फोन आला. "दीदी, फौरन आ जाओ." बस, एवढंच.

ताईंना गव्हाबद्दल दिलेला आपला सल्ला आठवला.

"जाऊ नकोस," दिगंबर म्हणाले. "नागपूरला गेलीय म्हणून सांगतो मी."

फोन पुन्हा वाजला. ताईंनी पायांत चपला सरकवल्या. बसमध्ये त्यांनी काय काय सबबी जुळवल्या, पण गाव जवळ येताच एकही आठवेना.

पारावर माणसं बसली होती. कुणी राम राम केला नाही. कमलसिंग पुढे चालू लागला, ताई मागे. मागून आणखी चौघांची पावलं वाजत होती, वळून बघायची छाती होईना. गहू चिखलात आडवा झोपला होता.

"चूक माझी झाली, भैया," ताई कशाबशा म्हणाल्या.

कमलसिंग चालतच राहिला. बांध ओलांडून तो हरभऱ्यात शिरला. घाटे गळून जमिनीवर पडले होते. "नुकसान बहात्तर घंटे में कंपनी को बताना पड़ता है ना? आज शाम तक वक्त है. मुझसे फोन नहीं लग रहा."

ताईंनी विमा कंपनीचा नंबर लावला. चौथ्या खेपेला लागला, तक्रार नोंदली गेली. पुढे हरभऱ्याची थोडी भरपाई मिळाली. गव्हाचं काहीच नाही.

त्या दिवशी निघताना कमलसिंगची बायको म्हणाली, "अगले साल भी आप ही बताना, दीदी."

तेव्हापासून ताई फॉर्म काढण्याआधीच सांगतात, "मी कधी शेती केलेली नाही. दोन्ही पिकांचे नियम सांगते, ठरवा तुम्ही."

लोक सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि म्हणतात, "वो तो ठीक है. पर आप क्या कहती हो?"