आवाज खाली, मॅडम

"मैडम, आवाज़ नीचे. ये स्कूल है, मिल नहीं."

नववीचा वर्ग. मी फळ्याकडे तोंड करून गंज कसा चढतो ते शिकवत होते. वळून पाहिलं तर दारात डायरेक्टर सर. पोरं हसली. सरांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. तिच्या वडिलांचं इंदूरच्या बड्या बाजारात, पलासियाला, शोरूम. तिच्या हातात लाल पुठ्ठ्याचा तुकडा दिला.

"जब भी मैडम चिल्लाएँ, ये ऊपर कर देना."

त्या तासाला पुठ्ठा सात-आठ वेळा वर गेला. दर वेळी मी वाक्य मध्येच तोडलं. चौदा वर्षांच्या मुलीकडे बघून आवाज गिळला. तोंडावर हसू.

माझा आवाज मोठा आहे. बाबा मिलमध्ये कापड विणायच्या खात्यात होते. यंत्रांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. मिल बंद झाली, कान परत आले नाहीत. घरात सगळेच ओरडून बोलायचो, नाहीतर बाबा म्हणायचे, "काय बोलून राहिली? जोरात बोल ना." हे सरांना माहीत होतं. मुलाखतीत मीच सांगितलं होतं, भोळेपणानं.

सर मराठीच. संस्थानाच्या काळापासून मोठ्या हुद्द्यावरचं घराणं. बाकीच्या मराठी मॅडमांशी मराठीत बोलायचे. माझ्याशी हिंदीत. माझी मराठी त्यांच्या लेखी मराठी नव्हतीच.

पुठ्ठा वर्गात राहिला. मी हळू बोलायला लागले. इतकं हळू की घरी बाबांना माझे ओठ वाचावे लागायचे. मधल्या सुट्टीत दोघी मॅडम बोलत असल्या की वाटायचं, माझ्यावरच. कुणी चहा पुढे केला तरी मनात यायचं, का? आज का?

अशात कंप्यूटर शिकवणाऱ्या कुरेशी मॅडमनी एक कागद दिला. त्यावर एका ब्लॉगचा पत्ता. "एक टीचर लिखती हैं. पढ़ना कभी."

मी मान हलवली. मनात म्हटलं, हिला सरांनीच पाठवलं. मी काय वाचते, कुणाजवळ काय बोलते, ते बघायला. शाळेच्या कंप्यूटरवर उघडलाच नाही. रविवारी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या सायबर कॅफेत गेले. कोपऱ्यातली मशीन घेतली, पाठ भिंतीकडे.

हिंदीत लिहिलेलं होतं. कुठल्याशा लहान गावातली शिक्षिका. आज माझा तास कसा फसला. आज मी एका मुलाला उगाच मारलं, मग काय झालं. मी वाचत गेले आणि संशय वाढत गेला. आपली फजिती चव्हाट्यावर कोण मांडतं? फुकट? हिला यातून काय मिळतं?

तरी पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही.

एका लेखात होतं, तिच्या उच्चारांच्या चुका टिपायला साहेबांनी एका विद्यार्थ्याला वही दिली होती. मी खुर्चीत ताठ झाले. शेवटी तिनं एवढंच विचारलं होतं: मेरी तो बेइज़्ज़ती हुई, पर उस बच्चे ने क्या सीखा?

हा प्रश्न मला सुचला नव्हता. इतके दिवस मी फक्त माझ्या आवाजाचा विचार करत होते. पुठ्ठा धरणाऱ्या हाताचा नाही.

त्या लेखाखाली मी माझं लिहिलं. नाव न देता. सगळं. लिहून झाल्यावर भीती वाटली, पुसायचं कसं ते कळेना.

आठवड्यानं उत्तरं आली. पाच जणांची. एक साताऱ्याकडच्या गुरुजींचं, मराठीत. 'बिचारी' कुणी म्हटलं नाही. त्यामुळेच पहिल्यांदा थोडा विश्वास बसला. गुरुजींनी लिहिलं होतं, "शेवटच्या बाकावर ऐकू येतं का? सरांना विचारू नका, मुलांना विचारा. लेखी घ्या."

सोमवारी मी मुलांना चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहू नका म्हटलं. स्टाफरूममध्ये नाही वाचल्या, घरी नेल्या. बहुतेकांनी तेच लिहिलं होतं, हल्ली मॅडमचा आवाज मागे येत नाही. एका चिठ्ठीचं अक्षर मी ओळखलं. त्याच मुलीचं.

"मैडम, मुझसे ये मत करवाइए."

ती माझ्यावर हसते असं मी धरून चालले होते. तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून पुठ्ठा मागून घेतला. तिनं लगेच दिला. मी तो फाडला, टोपलीत टाकला, आणि शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं शिकवलं.

तिसऱ्या तासाला बोलावणं आलं. सरांच्या टेबलावर माझ्या नावाचा माफीनामा टाइप करून तयार. मला खुर्ची नाही. आणि सर माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलले, अगदी मऊ.

"तुमच्याच भल्यासाठी केलं हो ते. सही करा, विषय संपला."

ती मऊ मराठी ऐकली आणि मी सावध झाले. इतक्या दिवसांत नाही ते आज का?

"नाही करणार," मी म्हटलं. "माझ्या वर्गात मुलांना ऐकू आलं पाहिजे. आणि शिक्षकाची नाचक्की करायला मुलीला वापरायचं नाही. हे तुम्ही लिहून द्या."

"बाहर जाइए," सर म्हणाले.

पुन्हा हिंदी.

महिनाअखेरीस मला काढलं. कुरेशी मॅडम गेटपर्यंत आल्या, सगळ्यांच्या देखत. मी विचारलं, "तुम्हाला सरांनी पाठवलं होतं?" त्या म्हणाल्या, "पागल हो क्या? मैं तो खुद वो ब्लॉग पढ़के टिकी हूँ यहाँ."

तेव्हा मला माझी लाज वाटली. सरांसमोर वाटली नव्हती, ती.

आता मीही लिहिते. मराठी-हिंदी मिसळून, आमच्या इंदोरी भाषेत. नाव घालून. काही जण वाचतात. काही नुसतेच नजर ठेवतात, हेही मला कळतं. गोड बोलणाऱ्याचा संशय अजून येतो, तो मी सोडणार नाही. पण आता मी समोरच्याला तोंडावर विचारते.

नव्या शाळेत रुजू होताना करारनामा पुढे आला. सातवं कलम: शाळेतल्या गोष्टींविषयी कुठेही लिहिणार नाही. क्लार्क म्हणाला, "सब साइन करते हैं, मैडम."

मी त्या कलमावर आडवी रेघ मारली. खाली सही केली. कागद त्याच्याकडे सरकवला.

"आता मला ठेवायचं की नाही, तुम्ही ठरवा."